घरी ब्रा शिवताना: आधी पट्टा, मग कटोरी

प्रश्न विचारणाऱ्या बाईंना ब्लाउज चांगला शिवता येतो, कटोरीचाही येतो. दुकानातून आणलेली 34 बी मापाची ब्रा मात्र त्यांच्या पाठीवर वर चढते, खांद्यांवर वळ उठतात आणि हात वर केला की कटोरीखालची कड सरकून थेट छातीवर येते. छातीखालचा घेर 30 इंच आणि पूर्ण छातीचा घेर 35 इंच असल्याचे त्यांनी कळवले आहे. घरच्या साध्या मशीनवर स्वतःच्या मापाची ब्रा शिवता येईल का आणि सुरुवात कुठून करावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

शिवता येते. मी गेली कित्येक वर्षे आधी स्वतःसाठी आणि मग ओळखीच्या बायकांसाठी शिवत आले आहे, आणि ज्यांना कटोरी ब्लाउज बसवता येतो त्यांचे निम्मे शिक्षण आधीच झालेले असते, असा माझा अनुभव आहे. अडचण उरलेल्या अर्ध्यात आहे, कारण तिथे ब्लाउजची सवय आड येते. ब्लाउज खांद्यावरून खाली येतो. त्याचा आधार म्हणजे खांदा, मुंढा आणि गळा, आणि त्याची कटोरी आत घातलेल्या ब्रावर नुसती टेकलेली असते. ब्राचे काम याच्या उलट असते. ती बरगड्यांभोवती घट्ट बसलेल्या पट्ट्यावर खालून वर उभी राहते आणि खांद्यावरचे पट्टे कटोरीची वरची कड केवळ जागेवर ठेवतात. म्हणून ब्लाउज शिवणारी बाई पहिली ब्रा बेतते तेव्हा सगळे लक्ष कटोरीवर देते, पट्टा सैल ठेवते आणि मग वजन खांद्यांवर आले की खांद्याचे पट्टे आणखी आवळते. तुमच्या खांद्यांवरचे वळ त्यातलेच आहेत. खांद्यावर काचले तरी दोष बहुतेक वेळा पाठीवर असतो.

तुमच्याच मापांवरून हे दाखवते. छातीखालच्या घेरात चार इंच मिळवायचे आणि आलेला आकडा पट्ट्याचे माप धरायचा, हा हिशेब अनेक दुकानांत अजून चालतो. 30 अधिक 4 म्हणजे 34, छाती 35, फरक एक इंचाचा, मग ए किंवा बी. पट्ट्याचे कापड ताणले जात नसे त्या काळात या वाढीव इंचांना काही अर्थ होता. 1914 साली अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब यांनी ज्या ब्राचे पेटंट घेतले, ती मुळात दोन हातरुमाल आणि रिबिनीची होती. त्यात ताण नव्हता आणि कटोरीही नव्हती. स्पँडेक्सचा धागा 1958 साली ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधला आणि त्या ताणल्या जाणाऱ्या धाग्यामुळे पट्टा पूर्वीपेक्षा चांगला ताणला जाऊ लागला, पण चार इंचांचा हिशेब तसाच राहिला. ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यासाठी छातीखालचा घेर हेच पट्ट्याचे माप धरावे आणि पूर्ण छातीशी असलेला फरक इंचाला एक अक्षर या दराने मोजावा: एक इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी, पाचला डीडी. म्हणजे तुमचे माप 30 डीडी येते. ही अक्षरे पट्ट्याबरोबर सरकतात: 30 डीडी, 32 डी, 34 सी आणि 36 बी या चारही कटोऱ्यांत सारखेच मावते. तुम्हाला मिळालेली 34 बी त्यामुळे कटोरीत एक पायरी लहान आणि पट्ट्यात चार इंच मोठी आहे. पाठीवर ती चढणार नाही तर काय करणार? 30 च्या पट्ट्याला मोठी कटोरी बहुतेक दुकानांत नसते, आणि काउंटरपलीकडून नजरेनेच माप ठरवणाऱ्या विक्रेत्याशी त्यावर वाद घालण्याइतका धीर माझ्यात तरी कधी नव्हता. मला शिवणाकडे वळवले ते याच गोष्टीने.

हे अक्षर समजून घेतल्यावर शिवणकामात मात्र विसरून जावे. कागदावर उतरवायची असतात ती अंगावरची मापे, आणि ती पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात घ्यावीत. पाळीआधी छाती जड होते आणि तेव्हाच्या मापाची कटोरी पुढे तीन आठवडे झोल खाते. छातीखालचा घेर श्वास सोडून, टेप जमिनीला समांतर ठेवून आणि आवळून घ्यावा. पूर्ण छातीचा घेर एकदा उभे राहून आणि एकदा कंबरेतून पुढे वाकून घ्यावा. दोन्हींत दोन इंचांपेक्षा जास्त अंतर आले तर त्यांची सरासरी वापरावी. त्यानंतर स्तनाखालची घडी शोधावी. ही घडी ब्राची जमीन आहे. आतल्या बाजूला छातीच्या मधल्या हाडापाशी ती जिथे सुरू होते तिथून काखेखाली ती जिथे संपते तिथपर्यंतची वक्र रेषा मोजावी, शक्य असेल तर कपड्यांवर खुणा करायच्या पेन्सिलीने अंगावर काढून घ्यावी, कारण आरशात पाहिल्यावर बहुतेकींना ती वाटते त्यापेक्षा बरीच मागे, काखेच्या बाजूला गेलेली दिसते. तुमच्या जुन्या ब्राची कड तिथे स्तनावरच चढून बसत असणार. दोन्ही बाजूंची मापे वेगवेगळी घ्या. दोन्हीकडे तंतोतंत सारखे माप असलेली बाई मला क्वचितच भेटली आहे. फरक थोडा असेल तर दोन्ही कटोऱ्या मोठ्या बाजूच्या मापाने शिवून लहान बाजूला आतून पातळ अस्तर घालता येते. फरक नजरेत भरण्याइतका असेल तर दोन कटोऱ्या सरळ वेगळ्या बेताव्यात. घरी शिवण्याचा हा फायदा कोणतेही दुकान देऊ शकत नाही.

कटोरीचा कागद तयार करण्याचे गणिती मार्ग आहेत, पण पहिल्या खेपेला मी ते सुचवत नाही. त्याऐवजी अंगावरूनच साचा घ्यावा. जवळ असलेल्यांपैकी जी ब्रा छातीला सर्वांत चांगला आकार देते ती घालावी. तिचा पट्टा सैल असेल तर पाठीवर चिमटीत धरून सेफ्टी पिनने आवळावा. तिच्यावरून स्वयंपाकघरात भांडी झाकायला वापरतात ती पातळ प्लॅस्टिकची फिल्म एका बाजूच्या कटोरीवर गुंडाळावी आणि त्या फिल्मवर रंगकाम करणारे वापरतात त्या कागदी मास्किंग टेपचे बोटभर लांबीचे तुकडे एकावर एक चढवत चिकटवत जावेत. लांब पट्टी चिकटवण्याचा मोह टाळावा, लांब पट्टी छाती चपटी करते. हे काम एकटीने होत नाही. बहीण, मुलगी, मैत्रीण, कुणीतरी हाताशी हवे. संपूर्ण कटोरी कागदाने मढली की त्यावर पेनने चार कडा काढाव्यात: खाली घडीची रेषा, आत मधल्या हाडाची बाजू, बाहेर काखेची बाजू आणि वर जिथपर्यंत ब्रा हवी तिथली कड. मग टक्स पॉइंटची, म्हणजे छातीच्या सर्वांत उंच बिंदूची, खूण करून त्यातून एक रेषा आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत आडवी काढावी आणि दुसरी त्या पॉइंटपासून सरळ खाली घडीपर्यंत आणावी. हा कवच फिल्मसकट उचलून या दोन रेषांवर कापला की तीन तुकडे मिळतात: एक वरचा आणि दोन खालचे.

हे तुकडे टेबलावर ठेवले तरी पूर्ण सपाट होणार नाहीत. नारळाची करवंटी टेबलावर दाबून बसवण्याचाच हा प्रकार आहे. बाहेरच्या कडांना, म्हणजे घडीकडच्या आणि वरच्या कडेला, पाव-पाव इंचाच्या खाचा द्याव्यात आणि तुकडा कागदावर हाताने दाबावा. खाचा किंचित उघडतील किंवा एकमेकींवर चढतील. टक्स पॉइंटकडच्या कडांना मात्र कात्री लावू नये, कारण कटोरीची सगळी खोली त्या वक्र कडांतच साठलेली असते. आता बाहेरची रेषा कागदावर गिरवून हलक्या हाताने गुळगुळीत करावी. पुढचा टप्पा बहुतेक जणी सोडून देतात: ज्या दोन कडा एकमेकींना शिवल्या जाणार त्या मोजून सारख्या कराव्यात. वक्र कड मोजताना टेप आडवी ठेवू नये; ती उभी धरून, तिची धार कागदावर टेकवून, वळणावळणाने पुढे सरकवावी. वरच्या तुकड्याची खालची कड आणि खालच्या दोन तुकड्यांच्या वरच्या कडांची बेरीज यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. त्यापेक्षा जास्त असेल तर साचा घेताना कुठेतरी मास्किंग टेप ताणली गेली आहे असे समजावे. सर्व बाजूंना पाव इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचे जादा कापड, सोडावी. ब्लाउजमध्ये आपण पुढे सैल करता यावे म्हणून दीड-दोन इंच माया ठेवतो ती सवय इथे नको, कारण कटोरीच्या आत जाड माया अंगाला टोचते आणि वक्र शिवण नीट उघडूही देत नाही.

कटोरीला तीन तुकडे का, असे विचारले जाते, कारण कटोरी ब्लाउजमध्ये आपण याहून कमी तुकड्यांत भागवतो. खालची उभी शिवण वजन उचलते आणि आडवी शिवण खोली देते, म्हणून जड छातीला तीन तुकडे लागतात. छाती लहान असेल तर एका शिवणीची दोन तुकड्यांची कटोरी पुरते आणि शिवायला सोपी जाते. तुमच्या मापाला मी तीनच सांगेन.

कापडाविषयी माझी मते थोडी हट्टी आहेत. कोकणात किंवा मुंबईसारख्या दमट हवेत स्तनाखालच्या घडीत घाम साचून घामोळे आणि पुरळ उठते. तिथे आतून सुती कापडच हवे, बाहेर कितीही सुंदर लेस लावली तरी. कटोरीसाठी ब्लाउजच्या अस्तराला वापरतात ती टू बाय टू रुबिया किंवा दाट विणीचे केंब्रिक उत्तम. नुसते मलमल विरळ पडते आणि दोन महिन्यांत टक्स पॉइंटवर जाळी होते. कापड बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे, कारण सूत आटते आणि ब्रात पाव इंचाचे आटणे म्हणजे एक माप कमी होणे. वरच्या तुकड्यात उभा धागा गळ्याच्या कडेला समांतर ठेवावा. ती कड उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर, आली तर आठवड्याभरात ताणून उघडी पडते. खालच्या दोन तुकड्यांत उभा धागा टक्स पॉइंटपासून घडीकडे जाणाऱ्या रेषेला समांतर असावा, म्हणजे वजन कापडाच्या बळकट धाग्यावर येते. तिरुपूरकडची सुती होजिअरी वापरायची असेल तर तिचा ताण आडवा, म्हणजे अंगाभोवती, यायला हवा. तो वर-खाली आला तर कटोरी संध्याकाळपर्यंत बोटभर खाली उतरते. होजिअरीच्या खालच्या तुकड्यांना आतून रुबियाचे अस्तर लावावे.

दोन कटोऱ्यांमधली पट्टी आणि कटोऱ्यांखालचा पुढचा भाग अजिबात ताणला जाता कामा नये. तो रुबियाच्या दोन थरांत, सरळ धाग्यावर बेतावा. कटोरीखाली आधाराची तार नसलेल्या ब्रात हाच भाग आधार देतो, म्हणून तो कटोरीखाली किमान दीड इंच, तुमच्यासाठी दोन इंच रुंद ठेवावा. बाजारातल्या नाजूक ब्रांत तो बोटाएवढाही नसतो, आणि मग तारेवाचून गत्यंतर राहत नाही. मधल्या पट्टीची वरची रुंदी दोन स्तनांमधल्या प्रत्यक्ष अंतराएवढीच हवी. ती जास्त झाली की कटोऱ्या काखेकडे ढकलल्या जातात.

आता पाठीचा पट्टा. सगळे उत्तर खरे तर याच्यासाठी लिहीत आहे. त्याला पॉवर नेट नावाचे घट्ट परत येणारे जाळीदार कापड वापरावे. ते ऑनलाइन सहज मिळते, मुंबईत भुलेश्वरच्या लेस आणि इलॅस्टिकच्या दुकानांतही विचारून पाहावे. कापडाची परीक्षा अशी: दहा सेंटिमीटरवर दोन खुणा करून ते हाताला नेटाचा विरोध लागेपर्यंत ताणावे. खुणा 14 सेंटिमीटरपर्यंत गेल्या आणि सोडल्यावर लगेच परत दहावर आल्या तर कापड चांगले. 16-17 पर्यंत सहज गेल्या तर ते दुहेरी घ्यावे. आता हिशेब. तुमचा घेर 30 इंच म्हणजे 76 सेंटिमीटर. समजा पुढचा न ताणला जाणारा भाग एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत 38 सेंटिमीटर झाला आणि हुकाच्या तयार पट्टीने चार सेंटिमीटर व्यापले. उरलेले 34 सेंटिमीटर अंगावर जाळीने भरायचे आहेत, पण जाळी 34 कापायची नाही. तिच्यात साधारण 20 टक्के घट धरावी, म्हणजे 27 सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना प्रत्येकी साडेतेरा. त्यावर इलॅस्टिक लागले की पट्टा आणखी थोडा आक्रसतो. टेबलावर ठेवलेली तयार ब्रा यामुळे इतकी लहान दिसते की ही आपल्याला कशी होणार अशी शंका येतेच. त्या शंकेपोटी पट्टा वाढवू नका, आधी घालून पाहा. ताणाची दिशा अंगाभोवती आहे ना, हे कापण्यापूर्वी दोनदा तपासावे. मी पहिल्यांदा ती उलटी बेतली होती. ब्रा दिसायला नेटकी झाली, पण हुक आणि तो अडकवायचा आकडा यांच्यात चार बोटांचे अंतर उरले आणि मी आरशासमोर दोन्ही हात पाठीमागे धरून घामाघूम झाले.

पॉवर नेट न मिळाल्यास जुन्या सुती ब्रांची रीत वापरता येते: पाठीचा पट्टाही रुबियाचाच, आणि हुकाजवळ दोन्हीकडे दीड-दोन इंच रुंद इलॅस्टिकचा तुकडा. ती टिकते, धुवायला सोपी असते, पण सगळा ताण त्या दोन तुकड्यांवर येतो आणि ते सैल पडले की बदलावे लागतात. मला ती वाईट वाटत नाही; उन्हाळ्यात मी स्वतः तीच वापरते.

नमुना शिवल्याशिवाय चांगल्या कापडाला हात लावू नये. कटोऱ्या आणि पुढचा भाग मांजरपाटाचा चालतो. पट्टा मात्र नमुन्यातही खऱ्या जाळीचाच हवा, कारण मांजरपाटाचा न ताणला जाणारा पट्टा तुम्हाला काहीच सांगणार नाही. नमुना मोठ्या टाक्यांनी शिवावा, म्हणजे उसवायला सोपा जातो. तो घालून, पुढे वाकून स्तन हाताने काखेकडून आत आणि वर घेऊन कटोरीत नीट बसवावेत. हे न करता केलेली कोणतीही परीक्षा खोटी ठरते. मग सरळ उभे राहून आधी पाठ पाहावी. पट्ट्याची खालची कड पुढच्या कडेच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी आणि पट्ट्याखाली दोन बोटे जेमतेम जावीत. खांद्याचे पट्टे पूर्ण उतरवूनही ब्रा जागेवर राहिली, तर पट्टा जमला. पट्टा जमेपर्यंत कटोरीतला एकही दोष दुरुस्त करू नका, कारण सैल पट्ट्यावर कटोरीत पडणारी प्रत्येक चुणी दिशाभूल करणारी असते. पट्टा साडेतीन सेंटिमीटरने आत घेतल्यावर कटोरीचे चार दोष आपोआप नाहीसे झालेले मी पाहिले आहेत.

पट्टा जमल्यावरही काही उरले, तर एका वेळी एकच बदल करावा. वरच्या कडेवरून छाती बाहेर फुगत असेल तर कटोरी लहान आहे, आणि ती मोठी करताना वरची कड वाढवून उपयोग नाही. खोली हवी असते, म्हणून आडव्या शिवणीच्या दोन्ही कडा टक्स पॉइंटजवळ तीन-चार मिलिमीटरने फुगवाव्यात. कटोरीच्या तळाशी आडवी घडी पडत असेल तर खालचे तुकडे लांब आहेत. वरची कड सुटून पोकळी राहत असेल तर वरच्या तुकड्यात खांद्याच्या पट्ट्यापासून मधल्या पट्टीकडे जाणारी चिमटी घेऊन टाचणी लावावी आणि तेवढा भाग कागदावरून कमी करावा. मधली पट्टी हाडाला टेकायला हवी असे सर्वत्र सांगितले जाते. तारेच्या ब्राला ते लागू आहे. तारेशिवायच्या ब्रात जड छाती असेल तर ती किंचित अधांतरी राहतेच आणि त्यासाठी पट्टा जीव घुसमटेपर्यंत आवळू नये.

शिवण्याचा क्रम सोपा आहे. आधी खालच्या दोन तुकड्यांची उभी शिवण, मग वरचा तुकडा, मग कटोरी पुढच्या भागात बसवणे, मग बाजूच्या जाळ्या, मग इलॅस्टिक, सर्वांत शेवटी खांद्याचे पट्टे आणि हुक. कटोरीची शिवण झाली की मायेला खाचा देऊन ती उघडावी आणि गुंडाळलेल्या टॉवेलवर ठेवून इस्त्री फिरवावी. सपाट टेबलावर इस्त्री केली तर मेहनतीने आणलेला गोलावा मोडतो. उघडलेल्या मायेवर आतून अरुंद सुती फीत ठेवून शिवणीच्या दोन्ही अंगांना एकेक टीप घालावी; यामुळे शिवण टोचत नाही आणि कटोरीला किंचित कणाही येतो. कटोरी पुढच्या भागात बसवताना लांब भासणारी कड मशीनवर खाली आणि आखूड भासणारी वर ठेवावी, कारण मशीनचे दाते खालचे कापड थोडे अधिक ओढतात आणि तो फरक आपोआप जिरतो. बाही मुंढ्यात बसवताना तुम्ही हेच करत असाल.

दोऱ्याविषयी एक अनुभव सांगते. माझी दुसरी ब्रा मी ब्लाउजच्याच सुती दोऱ्याने शिवली होती. नळाखालची भरलेली बादली उचलायला वाकले आणि पाठीवर टचकन आवाज झाला. पट्टा ताणला गेला, दोरा ताणला गेला नाही, आणि कुशीची संपूर्ण शिवण एका दमात उसवली. तेव्हापासून ताणल्या जाणाऱ्या भागाला पॉलिएस्टरचा दोरा आणि गोल टोकाची सुई हा नियम मी मोडलेला नाही. साधी टोकदार सुई जाळीचे इलॅस्टिकचे धागे कापते, आणि ते नुकसान चार धुण्यांनंतर दिसते.

इलॅस्टिकसाठी झिगझॅग टाक्याचे मशीन असेल तर काम सरळ आहे. खालच्या कडेला 12 ते 15 मिलिमीटर रुंद, एका बाजूने मखमली लव असलेले इलॅस्टिक घ्यावे. ते कापडाच्या सुलट्या बाजूवर, लव वर आणि नक्षीची कड आतल्या दिशेला ठेवून, अरुंद झिगझॅगने शिवावे. मग उलट्या बाजूला दुमडून रुंद झिगझॅगने पक्के करावे, म्हणजे लव अंगाला लागते. कटोऱ्यांखाली इलॅस्टिक न ताणता लावायचे आणि पाठीच्या जाळीवर हलके ताणून. पुढे ताणून लावले तर पुढचा भाग चुणतो आणि दोन थर रुबियाचा सगळा उपयोग फुकट जातो. काखेच्या कडेला आठ-दहा मिलिमीटरचे इलॅस्टिक पुरते. तुमचे मशीन फक्त सरळ टाक्याचे काळे मशीन असेल तरी अडत नाही. टाका बारीक ठेवावा, वरच्या दोऱ्याचा ताण किंचित कमी करावा आणि शिवताना कापड पुढून-मागून धरून ताणत दोन समांतर टिपा घालाव्यात. किंवा परकराला नाडीसाठी नेफा करतो तसा कडेला नेफा करून त्यातून इलॅस्टिक ओवावे; दिसायला थोडे जाड होते, पण इलॅस्टिक सैल पडल्यावर न उसवता बदलता येते.

खांद्याच्या पट्ट्यांवर मी फार वेळ घालवत नाही. पुढचा अर्धा भाग कापडी, न ताणला जाणारा, आणि मागचा अर्धा इलॅस्टिकचा, मध्ये रिंग आणि स्लायडर. मागे दोन पट्टे एकमेकांपासून चार इंचांच्या आसपास ठेवावेत. खांदे उतरते असतील तर आणखी जवळ आणावेत, नाहीतर ते दिवसभर घसरत राहतात. हुकांची पट्टी तयार मिळते. तिच्यावर आकड्यांच्या तीन ओळी असतात, आणि नवी ब्रा नेहमी सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सर्वांत सैल ओळीवर नीट बसायला हवी. आतल्या दोन ओळी पट्टा हळूहळू सैल पडेल तेव्हासाठी आहेत. नवी असतानाच आतल्या ओळीवर बसत असेल तर पट्टा मोठा झाला आहे.

तारेचे विचाराल तर पहिल्या दोन-तीन ब्रांत ती घालू नये. नंतर घालायची झाल्यास घडीची रेषा कागदावर काढून तिच्यावर तार ठेवून पाहावी. तार घडीतच बसली पाहिजे, स्तनावर चढता कामा नये, आणि ज्या नळीत ती सरकवायची ती तारेपेक्षा एक सेंटिमीटरभर लांब हवी, नाहीतर तार टोकाशी कापड फोडून बाहेर येते. तयार फोमच्या कटोऱ्या मी वापरत नाही. त्या छातीला आकार देत नाहीत, स्वतःचाच आकार दाखवतात, आणि आत काय बसत नाही ते लपवतात. अंगावर दूध पाजण्याच्या काळात माप महिन्यागणिक बदलते, तेव्हा महागाचे कापड वाया घालवू नये. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम स्तन वापरणाऱ्या बायकांसाठी मी त्या बाजूच्या कटोरीला आतून मऊ सुती होजिअरीचा खिसा लावते, काखेच्या बाजूने उघडा; व्रण पूर्ण भरून डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतरच त्याचे माप घ्यावे.

झालेली ब्रा कोमट किंवा गार पाण्यात हाताने धुवावी आणि सावलीत वाळवावी. पांढरी असली तरी तिला क्लोरीनचे ब्लीच लावू नये, ते स्पँडेक्सचा धागा खाऊन टाकते. एकच ब्रा रोज घातली तर इलॅस्टिकला मूळ लांबीवर यायला वेळ मिळत नाही, म्हणून नमुना जमला की लगेच तीन शिवाव्यात. पहिलीला मला तीन दिवस लागले होते; साचा हाती आल्यावर आता एक दुपार पुरते, त्यातही कुशीची शिवण घालण्याआधी मी पट्टा धावदोऱ्याने जोडून एकदा अंगावर घालून बघतेच.